पहिली चाल कुणाची?

आवडता गवई एखाद्या रात्री वाईट गायला तर रसिक त्याला क्षमा करतो. घसा बसला असेल, हवा दमट असेल, तबलजी नवखा असेल, अशी कारणे तो स्वतःच शोधून देतो. परंतु तोच गवई बुद्ध्याच निराळे गाऊ लागला, की मात्र रसिकाच्या काळजाला घर पडते. “आता पूर्वीचे राहिले नाही हो!” हे वाक्य मग घरोघर ऐकू येते. माझा नातू विजेच्या गिटारींचा प्रचंड गदारोळ करणाऱ्या मेटॅलिका नावाच्या अमेरिकन वाद्यवृंदाचा भक्त आहे. हा वृंद 1981 साली निघाला. 1991 साली त्यांनी आपल्या गाण्याची लय संथ केली, तेव्हा निम्मे भक्त रुसले. आणि 1996च्या सुमारास त्या मंडळींनी लांब केस कापले, तेव्हा उरलेल्यांतलेही काही रुसले. सूर बदलला तो बदलला, वर केसही कापले! नातवाला हा तंटा अगदी अपूर्व वाटतो. त्याला मी सांगितले, की बाबा रे, हा खटला आपल्या खानदेशात शंभर वर्षांपूर्वीच चालला आहे, आणि अद्याप त्याचा निकाल लागलेला नाही.

खानदेश हा काही संगीत नाटकाचा पाळणा नव्हे. तो मान पुण्याचा, सांगलीचा. परंतु आमचा मुलूख मोक्याच्या वाटेवर वसला आहे. मुंबईहून नागपूर-वऱ्हाडाकडे वा इंदूरकडे निघालेल्या मंडळीला जळगाव-भुसावळ ओलांडल्यावाचून गत्यंतर नसे. 1900च्या सुमारास तापीकाठाने सुरतेचा लोहमार्ग अमळनेरवरून जळगावास येऊन मिळाला आणि गुजराथचीही वाट उघडली. चाळीसगावाहून एक फाटा धुळ्यास गेला. शिवाय मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरूनच जातो. कपाशी विकली गेली, की शेतकऱ्याच्या आणि अडत्याच्या हाती पैसा खुळखुळे, आणि नाटकवाल्यांना पैशाचा खुळखुळाट ऐकू न येईल तर ते नाटकवाले कसले?

त्यातून जळगावला एक जादा अभिमान आहे. 26 जून 1888 रोजी जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस बालपणी शिक्षणासाठी जळगावात होते आणि तेथे मेहबूबखानांकडून त्यांनी गाण्याचे आरंभीचे धडे घेतले. ‘बालगंधर्व’ ही पदवी त्यांना लोकमान्य टिळकांनी दिली असे सांगतात. योगायोग असा, की पुढे 1907 साली याच जळगावात कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबऱ्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले. दोघांच्याही नावामागे ‘बाल’ लागले. बालकवी 1918 साली भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले. म्हातारे होण्यास त्यांना सवडच मिळाली नाही. नारायणरावांना ती मिळाली. पंचाहत्तरी उलटली तरी लोकांच्या तोंडी ते ‘बाल’च राहिले. या दोन अक्षरांत लाड पुष्कळ आहेत. पण मोठे होण्याची मनाईही आहे.

आमच्या घरी हा खटला माझे आजोबा आणि धुळ्याचे मामाआजोबा या मेहुण्या-मेहुण्यांत चाले. आजोबांची निष्ठा गंधर्वांवर, आणि तीही विशिष्ट सालापर्यंतच. “‘स्वयंवर’ झाले आणि संगीत नाटक संपले. पुढचा सगळा पाचोळा!” असे ते म्हणत. त्यावर मामाआजोबा पानाला चुना लावता लावता शांतपणे विचारीत, “आणि तुमचे वडील काय म्हणत होते, दाजी? भाऊराव गेले आणि संगीत नाटक संपले, असेच ना?” आजोबा यावर पानाचा डबा आपल्याकडे ओढून घेत. दुसरे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते, आणि मला वाटते, ते कोणापाशीच नाही.

कारण इतिहास पाहावा तो प्रत्येक पिढीची ‘पहिली चाल’ ही आधीच्या पिढीला बाटलेली चाल वाटत आली आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले. साकी, दिंडी, कामदा, कीर्तनातल्या आणि कर्नाटकातल्या चाली हे त्यांचे धन. पदे छोटी आणि पुष्कळ. गाणे जणू बोलण्याचाच पुढचा श्वास. भाऊराव कोल्हटकरांच्या उंच, धारदार आवाजाने हे गाणे मराठी माणसाच्या कानात कायमचे बसले. मग 1896 साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनया’त पारशी-उर्दू रंगभूमीच्या वळणाच्या चाली आणल्या. 1901 साली भाऊराव वारले. किर्लोस्करांचे युग सरले असे पुष्कळांना वाटले. आणि 1905 साली बालगंधर्व त्याच किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले.

12 मार्च 1911 रोजी मुंबईस खाडिलकरांचे ‘मानापमान’ लागले. त्याच दिवशी नारायणरावांची लहानगी मुलगी वारली होती. तरीही त्यांनी भामिनी उभी केली. या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ठुमरी, दादरा, कजरी यांचा पूरबी रंग त्यांनी मराठी पदांत ओतला. ज्याच्या कानांत साकी-दिंडी मुरली होती, त्याला हे गाणे परमुलखातले वाटले असेल तर नवल नाही. पाच वर्षांनी, 10 डिसेंबर 1916 रोजी ‘स्वयंवर’ आले आणि भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाची ऐसपैस रागदारीच नाटकात आणून बसविली. 1919च्या ‘एकच प्याल्या’त पुन्हा सुंदराबाईंकडून मिळालेल्या निराळ्या ढंगाच्या चाली. म्हणजे अवघ्या आठ वर्षांत एकाच गळ्याने तीन घरे बदलली! आजोबा ज्याला ‘मूळचे गंधर्व’ म्हणत, ते वास्तविक तिसऱ्या-चौथ्या बदलानंतरचे गंधर्व होते.

साथीचेही तसेच. 1913 साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे उस्ताद बसू लागले. ऑर्गनचा भरदार स्वर मागे उभा राहिला. असे साथीदार लाभल्यावर गवई दोन आवर्तनांत पद आटोपून संवादाकडे कसा वळणार? ‘वन्समोअर’ पडे, पद पुन्हा सुरू होई, आणि दर खेपेस तेच पद नवी वाट काढून येई. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले. कथानक तिष्ठत उभे राही. कोणी म्हणत, नाटक बुडाले. कोणी म्हणत, गाणे तरले. दोघेही खरेच बोलत होते.

या भांडणात तेल ओतले ते तबकडीने. तीन-सव्वातीन मिनिटांत मावेल एवढेच गाणे तिच्यावर उतरे. रंगभूमीवर वीस मिनिटे फुलणारे पद तिथे अंग चोरून बसे. पण ती घरात शंभरदा वाजे. आणि शंभरदा ऐकले ते माणसाला मूळ वाटू लागते. मग प्रत्यक्ष नाटकात नारायणरावांनी एखादी जागा वेगळी घेतली, की प्रेक्षक अस्वस्थ होई. तबकडीपूर्वी गाणे रोज बदले आणि कोणाच्या लक्षातही येत नसे, कारण पडताळायला पुरावा नव्हता. तबकडीने पुरावा दिला, आणि रसिकाचा वकील झाला.

आता मामाआजोबांची बाजू. त्यांचे दैवत मास्टर दीनानाथ मंगेशकर. यामागे संगीताइतकाच शेजारधर्मही होता, हे कबूल करावे लागेल. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर म्हणून गाव आहे, फारुकी सुलतानांची जुनी राजधानी. तेथील लाड यांचे घर ही दीनानाथांची सासुरवाडी. म्हणजे लता मंगेशकरांचे आजोळ आमच्या धुळे जिल्ह्यातले! धुळेकरांना दीनानाथ हे ‘आपले जावई’, आणि जावयाच्या ताना कधी चुकत नसतात.

दीनानाथांनी 1918 साली सहकाऱ्यांबरोबर बलवंत संगीत मंडळी काढली. त्यांचा गळा तडफदार, ताना विजेसारख्या. रामकृष्णबुवा वझ्यांच्या चालींनी ‘रणदुंदुभि’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ गाजले. त्यांनी ‘मानापमान’ हाती घेतले तेव्हा एक धाडस केले: लोकांना तोंडपाठ असलेल्या पदांना नव्या चाली दिल्या. टेंब्यांच्या चालींवर वाढलेल्या श्रोत्यांना हा देवळातली मूर्ती हलविण्याचा प्रकार वाटला. पण काळाची गंमत पाहा. धैर्यधराची काही पदे आज बहुतेक गायक दीनानाथांच्याच चालींत गातात, आणि कोणी वेगळी चाल लावली तर श्रोते म्हणतात, “ही मूळची नव्हे!” 1942च्या एप्रिलमध्ये, ऐन बेचाळिशीत, दीनानाथ गेले. त्याच वर्षी त्यांच्या तेरा वर्षांच्या मुलीने सिनेमाचे दार ठोठावले. पुढे नभोवाणीवर तिचे गाणे लागले, की “हल्लीच्या पातळ गाण्यात काय आहे?” असे म्हणणारी जुनी मंडळी थाळनेरच्या पंचक्रोशीतही निघालीच.

इथवर ही हकीकत मौजेची आहे. पुढची तशी नाही. नारायणरावांनी तरुणपणी सूर बदलला तेव्हा रसिक कुरकुरले आणि मागोमाग गेले. पण 1930 नंतर सगळेच पालटले. बोलपट आला. 1933च्या जुलैत ‘आंधळ्यांची शाळा’ने आटोपशीर नाटक, स्त्रियांच्या भूमिकेत स्त्रिया आणि केशवराव भोळ्यांचे भावगीताच्या जवळचे संगीत पुढे ठेवले. गंधर्व मंडळीही गप्प नव्हती. 1931च्या ‘कान्होपात्रे’त मास्टर कृष्णरावांनी भक्तिरसाच्या चाली दिल्या होत्या. तरीही 1934 साली कर्जात रुतलेली मंडळी बंद पडली. 1935 साली नारायणराव प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ होऊन पडद्यावर आले. सत्तेचाळीस वर्षांचा पुरुष पुरुषाच्या वेषात उभा राहिला, आणि महाराष्ट्राला तो ओळखीचा वाटेना! लोकांना भामिनी हवी होती, रुक्मिणी हवी होती, सिंधू हवी होती. ते पुन्हा रंगभूमीवर आले. 1938 साली गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्यांचे गाणे गंधर्वांच्याच वळणाचे, पण प्रेक्षकांनी त्यांना मोजले ते गंधर्वांच्या मापाने. पन्नाशी उलटलेल्या माणसाने शालूच नेसावा आणि 1916 सालचेच गावे, असा तो प्रेमळ हट्ट होता.

या हट्टाला मी निष्ठा म्हणत आलो होतो. आता ते नाव घेताना जीभ अडखळते. गायकाने बदलू नये असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा आपलेच वय थांबावे अशी आपली इच्छा असते. ज्या रात्री आपण ‘स्वयंवर’ ऐकले त्या रात्री आपण पंचविशीचे होतो; ती रात्र परत आण, असा हुकूम आपण त्या बिचाऱ्या गळ्याला सोडतो. म्हणून सगळेच बदल चांगले, असेही मी म्हणणार नाही. पहाटेपर्यंत ताणलेल्या गाण्याने नाटकाचा जीव घुसमटला हे टीकाकारांचे म्हणणे खोटे नव्हते. बदलाची परीक्षा जरूर करावी. पण ती गाण्याची असावी, सालाची नसावी.

उतारवयात पायांनी अधू झालेले नारायणराव बसून भजने गात. आवाज थकला होता, ताना आटल्या होत्या. पण शब्दाला स्वराने कुरवाळण्याची रीत शाबूत होती. 1964 साली पद्मभूषण आले, 15 जुलै 1967 रोजी ते गेले. आज जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरतो. 2011 साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि आनंद भाट्यांच्या गळ्यातून ती पदे नव्या पोरांच्या कानी गेली. त्या पोरांसाठी तीच पहिली चाल!

वाचकहो, दिवाळीच्या फराळानंतर जरा निवांतपणा मिळेल. जुन्या तबकड्यांचे गाणे आता घरबसल्या ऐकता येते. ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’, ‘कान्होपात्रा’ या क्रमाने गंधर्वांची एकेक तबकडी लावा, आणि शेवटी म्हातारपणचे एखादे भजन. कोणते खरे, असे घरातल्या लहानांना विचारू नका. कोणते आवडले, एवढेच विचारा. आणि उत्तर आपल्या मनासारखे आले नाही, तर पानाचा डबा मात्र ओढून घेऊ नका.