कार्गो : एका संगणकभाषेच्या भांडाराचा इतिहास

संगणकभाषांचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा त्यांच्या व्याकरणाचा : कोणती रचना कोणत्या भाषेत प्रथम आली, कोणता नियम कोणी कोणाकडून घेतला, याचा. परंतु भाषा केवळ व्याकरणावर जगत नाही. तिच्यात जे लिहिले गेले ते पुढील लेखकाच्या हाती कसे येते, आणि एकदा आलेले पुन्हा तसेच मिळेल याची शाश्वती कोणी द्यावयाची, हे प्रश्न व्याकरणाच्या कक्षेबाहेरचे असले तरी भाषेचे आयुष्य ठरविणारे आहेत. ‘रस्ट’ या भाषेच्या ‘कार्गो’ नामक साधनाचा इतिहास या दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कार्गोची मुख्य कामे दोन. इतरांनी लिहिलेल्या आज्ञावली भांडारातून आणणे हे एक. त्या आणि आपली आज्ञावली मिळून एकसंध बांधणी करणे हे दुसरे. या दोन कामांच्या परंपरा मुळात निराळ्या. बांधणीची परंपरा १९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी रचलेल्या ‘मेक’पर्यंत मागे नेता येते. कोणता भाग बदलला व त्यामुळे कोणता पुन्हा बांधावयाचा, एवढे मेक ठरवितो. ते भाग कोठून आणावयाचे हा त्याचा विषय नव्हे. मेकमधील आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅब या अदृश्य चिन्हाने करावा, असा नियम होता. तो गैरसोयीचा आहे हे फेल्डमन यांच्या लौकरच ध्यानात आले. पण तोवर साधन वापरणारे डझनभर लोक झाले होते, आणि त्यांची घडी मोडू नये म्हणून नियम तसाच राहिला. रूढी बद्धमूल होण्यास फार मोठा समाज लागत नाही, हे यावरून दिसते. भांडाराची परंपरा टेक् या अक्षरजुळणीच्या व्यवस्थेसाठी उभारलेल्या ‘सीटॅन’ संग्रहापासून आणि त्याच्या धर्तीवर पर्ल भाषेसाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘सीपॅन’पासून चालत आली. रूबी भाषेत २००४ साली ‘रूबीजेम्स’ व २०१० साली ‘बंडलर’ची पहिली पूर्ण आवृत्ती आली, आणि आवृत्त्यांची निवड नोंदवून ठेवण्याची पद्धत स्थिर झाली.

रस्टचा आरंभ ग्रेडन होर यांनी २००६ मध्ये खाजगी उपक्रम म्हणून केला. २००९ पासून त्यास मोझिलाचा आश्रय मिळाला. प्रारंभीच्या काळात पॅकेजव्यवस्थेचे दोन प्रयत्न झाले. पहिल्याचेही नाव कार्गोच होते, दुसऱ्याचे ‘रस्टपीकेजी’. दोन्ही टिकले नाहीत. २०१४ साली बंडलरचे कर्ते येहुदा कॅट्झ व कार्ल लर्श यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले आणि आजच्या कार्गोचा जन्म झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘क्रेट्स.आयओ’ हे सार्वजनिक भांडार उघडले. रस्टची १.० ही आवृत्ती मात्र १५ मे २०१५ ची. भाषा स्थिर होण्यापूर्वीच तिचे भांडार सिद्ध होते, हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यामुळे रस्टच्या लेखकवर्गाला आरंभापासून एकच सामायिक पद्धत मिळाली.

कार्गोची मांडणी दोन नोंदींवर उभी आहे. ‘कार्गो.टॉमल’ या नोंदीत लेखक आपली अपेक्षा लिहितो, ‘कार्गो.लॉक’मध्ये प्रत्यक्ष निवडलेली नेमकी आवृत्ती यंत्र लिहून ठेवते. पहिली नोंद इच्छेची, दुसरी घटिताची. पहिलीत ‘१.२.३’ एवढेच लिहिले, तर त्याचा अर्थ ‘१.२.३ किंवा त्यानंतरची, परंतु २.०.० च्या आतली कोणतीही’ असा घेतला जातो. हे आकडे मोजण्यासाठी नाहीत. ते अर्थवाहक आहेत. पहिला अंक बदलला की जुन्याशी संगती तुटली, दुसरा बदलला की भर पडली, तिसरा बदलला की दुरुस्ती झाली, असा संकेत आहे. हा संकेत पाळला गेला की नाही, हे कार्गो तपासून पाहत नाही. म्हणजे संपूर्ण व्यवस्था अखेरीस लेखकाच्या वचनावर विसंबते. वचन मोडल्यास त्याचे परिणाम मात्र परक्या आज्ञावलीत प्रकट होतात.

वचन दिल्यावर ते मागे घेता येते काय, हा पुढचा प्रश्न. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्ट भाषेच्या ‘एनपीएम’ भांडारात एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला आणि लेखकाने आपली सर्व पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज होते. त्यावर नकळत विसंबून असलेल्या असंख्य आज्ञावलींची बांधणी अडली व भांडाराला ते पुन्हा ठेवावे लागले. कार्गोने या बाबतीत मधला मार्ग काढला होता. प्रकाशित आवृत्ती लेखकाला ‘यँक’ करता येते : नव्याने कोणी तिची निवड करू शकत नाही, पण जिच्या लॉक-नोंदीत ती आहे त्या आज्ञावलीला ती मिळत राहते. अपवादात्मक परिस्थिती सोडल्यास ती नष्ट होत नाही. लेखकाचा अधिकार आणि वाचकाचा विश्वास यांची ही वाटणी मला न्याय्य वाटते.

नावांची व्यवस्था तितकी समाधानकारक नाही. क्रेट्स.आयओवर जो प्रथम येईल त्यास नाव मिळते. मे २०२२ मध्ये ‘रस्ट_डेसिमल’ या मान्य पॅकेजच्या नावातील केवळ अधोरेषा गाळून तयार केलेले एक घातक पॅकेज उघडकीस आले. भाषेत समरूप शब्दांचा निवाडा संदर्भ करतो. यंत्राजवळ संदर्भ नसतो.

मराठी अभ्यासकास येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. जून २०२१ मधील १.५३ या आवृत्तीपासून रस्टमध्ये ‘बेरीज’ असे देवनागरी नाव एखाद्या क्रियेस देता येते. तथापि ‘वाऱ्या’सारख्या शब्दातील अर्धा र जर अदृश्य संयोजक चिन्हाने साधला असेल, तर ते नाव नाकारले जाते, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून साधला असेल, तर चालते. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच. भांडारात तर पॅकेजचे नाव फक्त रोमन अक्षरे, अंक, संयोगचिन्ह व अधोरेषा यांतच असावे लागते. म्हणजे मराठी नाव आज्ञावलीच्या आत नांदू शकते, उंबऱ्यावरच्या पाटीवर मात्र नाही. समरूप अक्षरांनी होणारी फसवणूक पाहता या निर्बंधास कारण देता येते. पण त्याची किंमत कोण देतो, हेही नोंदले पाहिजे.

कार्गो मुक्त स्रोताचे साधन आहे आणि रस्टमधील मोठे बदल उघड प्रस्तावांतून ठरतात. २०२३ साली लॉक-नोंद ग्रंथालय-पॅकेजांनी जतन न करण्याचा जुना सल्लाही अनुभवाअंती बदलण्यात आला. तेव्हा यातील नियम अपौरुषेय नाहीत. शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणेच ते एका समाजाने स्वतःसाठी केले आहेत. आणि ज्यांची लिपी त्या नियमांत पुरती सामावलेली नाही, त्यांनी त्यांचा अभ्यास यंत्रज्ञांवर सोपवून स्वस्थ बसणे योग्य होणार नाही.