मूठ आणि आकडा
युजेन सँडोच्या डंबेलचे दोन भाग स्प्रिंगांनी जोडलेले असत. व्यायामभर ते दाबून धरायचे, म्हणजे मन तिथंच राहतं, असं तो सांगे. पुढं अमेरिकेत ग्रिपरला नंबर आले. ‘कॅप्टन्स ऑफ क्रश’चा ३ नंबर २८० पौंडांचा, ४ नंबर ३६५चा. रिचर्ड सोरिननं १९९१मध्ये पहिल्याचे दांडे टेकवले, जो किनीनं १९९८मध्ये दुसऱ्याचे. पण हे पौंड कशाचे? दांडा टोकाशी दाबला तर जोर कमी लागतो, स्प्रिंगजवळ दाबला तर जास्त. म्हणजे मोजणाऱ्यानं जागा बदलली की आकडा बदलला. म्हणून दोन कंपन्यांचे पौंड आपण शेजारी मांडू नयेत. एकाच ग्रिपरवर कालची मूठ आणि आजची मूठ, ही तुलना मात्र खरी.