किडा चावला अन् जखम भरेना? विषाला दोष देण्याआधी शुगर आणि पायाचा रक्तपुरवठा तपासा

अहिल्यानगर : घास कापताना, उसाचे पाचट ओढताना, कांदा काढताना किंवा रात्री दारं धरताना रानात काही ना काही चावतेच. गांधीलमाशी, मधमाशी, मुंगळा, गोम, विंचू, अळी यांचे शेतकऱ्याला नवल नाही. चुना-हळद लावायची आणि कामाला लागायचे, ही गावाकडची रीत. बहुतेक डंख आठ-दहा दिवसांत बरेही होतात.

पण एखाद्याचा डंख पंधरा दिवस झाले तरी सुकत नाही. त्यातून पाणी येते, कडा काळ्या पडतात. मग "किडाच विषारी होता" असे म्हणत कुणी पाला बांधतो, कुणी मेडिकलवरून ट्यूब आणतो. यात महिना निघून जातो. खरे तर इतके दिवस जखम न भरण्याचे कारण बरेचदा किड्याच्या विषात नसते. रक्तातली साखर वाढलेली असते, पायाला रक्त नीट पोचत नसते, किंवा लावलेल्या औषधानेच जखम चिघळलेली असते. हे वेळेत ओळखले तर बोट वाचते, पाय वाचतो.

पहिल्या तासात काय करावे?

मधमाशी चावली तर तिचा काटा कातडीत राहतो आणि त्याला असलेली विषाची पिशवी थोडा वेळ विष सोडत राहते. म्हणून नखाने, चिमट्याने, जसा निघेल तसा काटा लगेच काढावा. गांधीलमाशी सहसा काटा सोडत नाही, पण तीच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते.

जागा साबण-पाण्याने धुवावी. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटे धरावा. हातातली अंगठी, बांगडी, पायातली जोडवी सूज चढायच्या आधी काढून ठेवावी.

२०२२ च्या पावसाळ्यात नगर आणि बीड भागात घोणस अळीची मोठी चर्चा झाली होती. या अळीचे केस कातडीत घुसतात आणि जबर आग होते. अशा वेळी जागा चोळू नये. चिकटपट्टी लावून उपटावी म्हणजे केस निघून येतात. मग साबणाने धुवावे.

पुढील लक्षणे दिसली तर घरगुती इलाजात वेळ घालवू नये, १०८ ला फोन करावा :

- अंगभर गांधी उठणे, ओठ-जीभ-डोळे सुजणे
- श्वासाला त्रास, आवाज बसणे, घशात अडकल्यासारखे वाटणे
- चक्कर, उलटी, शुद्ध हरपणे
- आग्या मोहोळ उठून एकाच वेळी पुष्कळ माश्या चावणे
- तोंडात किंवा घशात डंख होणे

विंचवाची गोष्ट वेगळी. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, धाप ही लक्षणे दिसली तर विष हृदयावर चढत असल्याची ती खूण आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या रुग्णांवर उपचार करताना प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ही गोळी रक्तदाब उतरवते, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. विंचू उतरवायला घेऊन बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

रात्री झोपेत किंवा अंधारात काय चावले ते कळले नाही, तर साप धरूनच चालावे. मण्यार चावल्याची खूण कित्येकदा दिसतही नाही. "मुंगी असेल" म्हणून सकाळची वाट पाहू नये.

सूज किती दिवस चालते?

पहिले दोन दिवस जागा लाल होणे, सुजणे, खाजणे हे विषाचे काम असते. सूज दुसऱ्या दिवशी जास्त दिसते, म्हणून घाबरून लगेच अँटिबायोटिक गोळ्या घेण्याची गरज नसते. पुढे सूज उतरू लागते. काहींना वीतभर सूज येते, तीही साधारण पाच ते दहा दिवसांत ओसरते.

जंतू शिरले असतील तर चित्र उलटे असते. दोन-तीन दिवसांनंतर कमी व्हायच्या ऐवजी दुखणे वाढते, ठणका लागतो, पू येतो, ताप भरतो, जांघेत अवधाण येते. सोपी युक्ती म्हणजे लाल झालेल्या भागाच्या कडेने पेनाने रेघ ओढावी आणि तारीख लिहावी. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दहा दिवसांनंतरही जखम उघडीच असेल, तर शुगर आणि रक्तपुरवठा तपासल्याशिवाय पुढचा लेप लावू नये.

जखम का भरत नाही?

१) शुगर : रक्तात साखर जास्त राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि पायाच्या नसा बधिर होतात. त्यामुळे जखम दुखत नाही. "दुखत नाही म्हणजे बरं हाय" हा समज इथेच घात करतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरतात. अनेकांना आपल्याला शुगर आहे हे न भरणाऱ्या जखमेमुळेच कळते.

२) रक्तपुरवठा : याची माहिती पुढे दिली आहे.

३) खाजवणे आणि चुकीचा लेप : नखातली घाण जखमेत जाते. चुन्याने कातडी भाजते. मेडिकलवरून आणलेल्या खरजेच्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असते. उघड्या जखमेवर ते लावले तर जखम आणखी लांबते.

४) डंख नसून दुसरेच काही : पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतातल्या बारीक पिसवासारख्या किड्यांमुळे स्क्रब टायफस हा ताप येतो. चावल्याच्या जागी बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, तीही काखेत, जांघेत, कमरेशी अशा झाकलेल्या जागी. २०१८ मध्ये विदर्भात याची साथ आली होती. काळी खपली आणि ताप एकत्र असतील तर डॉक्टरांना खपली आवर्जून दाखवावी. वेळेत कळले तर साध्या औषधाने हा आजार बरा होतो.

रक्तपुरवठ्याचा दोष दोन प्रकारचा

"रक्त फिरत नाही" असे आपण सरसकट म्हणतो. पण यात दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

पहिला प्रकार, रक्त खाली पोचत नाही. हृदयाकडून पायाकडे रक्त आणणारी धमनी अरुंद होते. थोडे चालले की पोटरीत गोळा येतो, थांबले की राहतो. पाऊल गार लागते, कातडी चकचकीत होते, पायावरचे केस जातात. जखम बहुधा बोटांवर, टाचेवर असते आणि रात्री ठणकते. पाय खाटेखाली सोडला की बरे वाटते. बिडी-सिगारेट, शुगर, बीपी ही याची मोठी कारणे. बिडी ओढणाऱ्या तरुण गड्यांची बोटेसुद्धा यात काळी पडतात.

दुसरा प्रकार, रक्त वर चढत नाही. पायाकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या शिरांमधल्या झडपा सैल पडतात. हिरव्या-निळ्या शिरा फुगतात, संध्याकाळी घोटे सुजतात, पाय जड होतो. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट होते आणि तिथे चावलेला साधा डासही महिनोन् महिने चालणारी जखम करून जातो. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांना आणि बाळंतपणे झालेल्या बायकांना हा त्रास जास्त.

घरी करता येतील असे उपाय

- चालणे : पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकलले जाते. धमनीच्या त्रासात दुखेपर्यंत चालावे, थांबावे, राहिले की पुन्हा चालावे. असे अर्धा तास, आठवड्यातून किमान तीन दिवस, तीन महिने केले तर चालण्याचे अंतर वाढते. मात्र तळपायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.
- टाचा उचलणे : भिंतीला धरून टाचा वर-खाली कराव्यात, बसल्या जागी पाऊल पुढे-मागे हलवावे.
- पाय उंच ठेवणे : फुगलेल्या शिरांच्या त्रासात दिवसातून तीन-चार वेळा पाव-अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडावे. धमनीच्या त्रासात मात्र असे केल्याने दुखणे वाढते.
- बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिसरी सोडणे : निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. या एका उपायाची बरोबरी कुठलाच काढा करू शकत नाही.
- जखमेची निगा : रोज स्वच्छ किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवावी, मेडिकलमधली स्वच्छ पट्टी बांधावी. पट्टी ओली झाली की बदलावी.
- धनुर्वाताचे इंजेक्शन : जखम मातीत किंवा शेणात भरली असेल आणि शेवटचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचे असेल तर पुन्हा घ्यावे.

हे करू नये

- शेण, माती, राख, तंबाखू, चुना, रॉकेल, डिझेल, टूथपेस्ट जखमेला लावू नये. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात.
- चटका देणे, चिरा मारणे, तोंडाने विष ओढणे, दोरीने आवळून बांधणे, हे सगळे टाळावे.
- शुगर असलेल्याने गरम पाण्याचा शेक घेऊ नये. बधिर पायाला चटका कळत नाही आणि डंखापेक्षा मोठी जखम होते.
- घट्ट क्रेप पट्टी किंवा मोजे स्वतःच्या मनाने घालू नयेत. शिरांच्या आजारात ते औषध आहे, पण धमनी बंद असेल तर राहिलेले रक्तही अडते.
- एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखली तर तेल लावून चोळू नये. शिरेत गुठळी असू शकते. लगेच दवाखान्यात जावे.

लसूण, आले, दालचिनी, अर्जुनसाल जेवणात किंवा काढ्यात घेतल्याने बंद धमनी उघडत नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर लसणाचा जास्त मारा करू नये, रक्तस्राव वाढू शकतो. हळद, कोरफड किंवा खोबरेल तेल न फुटलेल्या कातडीवर लावायला बहुतेकांना चालते, पण उघड्या जखमेत भरायचे नाही.

ऊसतोड, रात्रपाळीचे पाणी आणि अनवाणी पाय

पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण अशी की जखम झाली तरी कोयता थांबत नाही आणि दवाखाना फडापासून लांब असतो. टोळी निघायच्या आधी चाळिशीपुढच्या सगळ्यांनी शुगर-बीपी तपासून घ्यावे आणि चालू गोळ्या पुरेशा सोबत न्याव्यात. अकोल्याकडे भाताच्या खाचरात दिवसभर पाय ओले राहतात. तिथे घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे गरजेचे आहे.

रात्री पाणी भरताना गमबूट आणि बॅटरी हवीच. सकाळी बूट झटकून घालावेत. नवरात्रात मोहट्याला किंवा वर्षभरात शिर्डीला अनवाणी जाणारे खूप आहेत. शुगर असलेल्या किंवा पाय बधिर असलेल्या भाविकाने चप्पल-बूट घालूनच चालावे. रोज झोपताना तळपाय पाहावा. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा घरातल्यांना दाखवावा.

कुठे जावे, काय सांगावे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात तीस वर्षांपुढच्या सर्वांची शुगर-बीपी तपासणी होते. गावातल्या आशाताईंकडे विचारले तर दिवस कळतो. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जखम मोठी असेल तर ग्रामीण रुग्णालय किंवा नगरचे जिल्हा रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात : कधी चावले, काय काय लावले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि बिडी-तंबाखू आहे का. लावलेला पाला किंवा चुना लाजून लपवू नये, त्यावर उपचार ठरतो. पावलावरची नाडी पाहायला सांगावे. गरज असेल तर हाताचा आणि पायाचा बीपी मोजून तुलना करतात किंवा डॉपलर तपासणी करतात, त्यात रक्त कुठे अडले ते कळते.

बोट निळे-काळे पडले, जखमेला वास सुटला, पाऊल एकदम गार आणि पांढरे पडले, किंवा ताप येऊन शुगर वाढली, तर उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. धमनी अडली आहे हे वेळेत कळले तर ती मोकळी करता येते. बोट काळे पडून वाळल्यावर मात्र ते कापण्याशिवाय बरेचदा मार्ग उरत नाही.