‘कोंबडी पळाली’ : एका लोकप्रिय गीताचा वारसा आणि शिंदे घराण्याचा स्वर

प्रस्तावना

लोकप्रिय गीते ही इतिहासाची साधने आहेत, ही भूमिका मराठी इतिहासलेखनात अद्याप पुरेशी रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात २००६ साली प्रदर्शित झालेल्या ‘जत्रा’ या मराठी चित्रपटातील ‘कोंबडी पळाली’ या गीताच्या वाटचालीचा विचार केला आहे. गाण्याची चाल दूरवर पोहोचते तेव्हा तिच्यामागील आवाजाचे काय होते, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

गीत आणि त्यामागील परंपरा

केदार शिंदे दिग्दर्शित ‘जत्रा’मधील हे गीत जितेंद्र जोशी यांनी लिहिले, अजय-अतुल यांनी संगीतबद्ध केले आणि आनंद शिंदे व वैशाली सामंत यांनी गायिले. यांपैकी आनंद शिंदे यांच्या स्वराला स्वतंत्र इतिहास आहे. त्यांचे वडील प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांनी भीमगीते, विठ्ठलाची भक्तिगीते आणि कव्वाली हे तिन्ही प्रकार एकाच ताकदीने गायिले. आंबेडकरी जलशांनी घडविलेल्या श्रोतृवर्गाने हा खडा, मोकळा आवाज आपला मानला. पुढे ध्वनिफितींच्या काळात आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ हे गीत गावोगावी वाजले. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेसारख्या ठिकाणी भक्तिगीत आणि ठेक्याचे गाणे एकाच कर्ण्यातून ऐकणाऱ्या आपल्या भागातील श्रोत्यांना हा आवाज नवा नव्हता. ‘कोंबडी पळाली’ने तो मराठी चित्रपटाच्या नव्या, शहरी प्रेक्षकापर्यंत पोहोचविला.

चालीचा प्रवास

२०१२ साली ‘अग्निपथ’ या हिंदी चित्रपटात अजय-अतुल यांनी हीच चाल ‘चिकनी चमेली’ या गीतासाठी योजिली. अमिताभ भट्टाचार्य यांचे शब्द आणि श्रेया घोषाल यांचा स्वर लाभलेले हे गीत देशभर गाजले. संगीतकार तेच असल्याने येथे उचलेगिरीचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि चाल पुढे गेली आणि शिंदे यांचा आवाज मागे राहिला, ही वस्तुस्थिती उरतेच. वर्गात या गीताचा उल्लेख केला असता काही विद्यार्थी त्यास हिंदी गीताची मराठी आवृत्ती समजतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. कालक्रमच उलटा होतो!

तुलना

अमेरिकेतील फंक संगीतात याहून तीव्र उदाहरण आढळते. जेम्स ब्राऊन यांच्या ‘फंकी ड्रमर’ (१९७०) या ध्वनिमुद्रिकेतील क्लाईड स्टबलफिल्ड यांचा ड्रमवादनाचा तुकडा पुढे असंख्य हिप-हॉप गीतांत वापरला गेला. परंतु गीतकार म्हणून नोंद नसल्याने वादकास त्याचे मानधन जवळजवळ मिळालेच नाही. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत. मात्र लेखी नोंद शब्दाची व चालीची राहते, तर गळा आणि हात यांची स्मृती लवकर पुसट होते, हे दोन्हींतून दिसते.

निष्कर्ष

‘कोंबडी पळाली’ हे केवळ करमणुकीचे गीत म्हणून बाजूस सारता येत नाही. वंचित समाजाच्या मंचावर घडलेला स्वर मुख्य प्रवाहात कसा आला आणि तेथे त्याची ओळख किती टिकली, याचा तो पुरावा आहे. जुन्या ध्वनिफिती व गायक-वादकांच्या आठवणी महाविद्यालयीन स्तरावर वेळीच जतन न केल्यास चाल उरेल, पण ती कोणी गायिली हे सांगणारे कोणी उरणार नाही.