शब्द जुळले का?

१९९६ च्या पावसाळ्यात आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भुसावळहून पार्ल्याला आत्याकडे आले होते. मीही आत्याकडेच राहून इंजिनिअरिंग करत होते. माझ्या टेबलावर सेकंडहँड कॉम्प्युटर होता, त्याला जोडलेला मोडेम आणि विद्यार्थ्यांना पाचशे रुपयांत मिळणारं शेल अकाउंट. चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. घरातले फोन थांबले की रात्री अकराला मी नंबर लावायची. मोडेम आधी शिट्टी घालायचा, मग किंचाळायचा, मग खरखरायचा.

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडलेले आजोबा त्या आवाजाने उठून बसले. मला वाटलं, झोपमोड झाली म्हणून रागावणार.

"दोघं बोलतायत," ते म्हणाले. "एक विचारतोय, दुसरा उत्तर देतोय. वेग ठरवून घेतायत ना?"

अगदी तेच चाललेलं असतं. दोन मोडेम एकमेकांची आणि मधल्या तारेची परीक्षा घेतात आणि किती वेगाने बोलायचं ते ठरवतात. मी ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आजोबांनी ते नुसतं ऐकून ओळखलं.

आजोबा तारमास्तर. भुसावळ रेल्वेचं जंक्शन तसंच तारांचंही. मुंबईहून नागपूरला निघालेली तार तिथे उतरायची. एका टेबलावर साउंडर कडकट्ट करायचा. आजोबा ऐकत ऐकत कागदावर लिहून घ्यायचे आणि तो कागद नागपूरच्या किल्लीवर बसलेल्या माणसापुढे सरकवायचे. लाइन मोकळी झाली की तार पुढे जायची. वादळात नागपूरची लाइन पडली, तर इटारसीवरून फिरवायची. प्रत्येक तारेच्या डोक्यावर नंबर असायचा आणि मजकुरात किती शब्द आहेत तो आकडा. घेणाऱ्याने लिहून झालं की शब्द मोजायचे. जुळले तर पोच द्यायची, नाही जुळले तर पुन्हा मागायची. "शब्द जुळले का?" हा प्रश्न आमच्या घरात वाण्याच्या हिशेबापासून पत्रिकेतल्या गुणांपर्यंत सगळीकडे वापरला जायचा. तो आला तो त्या टेबलावरून.

त्या आठवड्यात रोज रात्री माझी शिकवणी झाली. कोण कुणाला शिकवत होतं, ते सांगणं अवघड आहे. मी म्हटलं, आजोबा, इंटरनेटवर निरोप एकसंध जात नाही. त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि नंबर असतो. वाटेतलं प्रत्येक मशीन तुकडा उतरवून घेतं, जी वाट मोकळी असेल तिकडे पुढे ढकलतं. पोचवायच्या ठिकाणी तुकडे नंबराप्रमाणे लावतात.

"आणि तुकडा हरवला तर?"

पोच येत नाही, मग पाठवणारा तो पुन्हा पाठवतो.

"खराब आला तर?"

प्रत्येक तुकड्याबरोबर बेरजेचा एक आकडा असतो, तो जुळला नाही तर तुकडा टाकून देतात.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे शब्दसंख्या."

आत्याला मात्र हे पटेना. ती ट्रंक एक्स्चेंजमधली. तिच्या हातात दोऱ्या आणि प्लग असायचे. नाशिकच्या माणसाला मुंबईतल्या माणसाशी जोडून दिलं की मधली अख्खी लाइन त्या दोघांची. ते बोलोत, रडोत, नाहीतर नुसते श्वास घेत बसोत, तीन मिनिटं ती वाट दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. "मग या तुझ्या इंटरनेटमध्ये लाइन कुणाची?" तिने विचारलं. कुणाचीच नाही, सगळ्यांची, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "असा कारभार चालायचा नाही." तिने वर्षानुवर्षं लोकांची वाट राखली होती. तिचा तो अविश्वास मी आजही हलका मानत नाही.

कारण पुढे अभ्यास करताना कळलं, की हेच भांडण अमेरिकेतही झालं होतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रँड संस्थेतला पॉल बॅरन अणुयुद्धातही टिकेल असं संदेशांचं जाळं शोधत होता. जाळ्याला मधलं केंद्र नको, निरोपाचे तुकडे करा, जी वाट शाबूत असेल तिने जाऊ द्या, असं तो सांगत होता. तिथल्या बड्या टेलिफोन कंपनीच्या, एटी अँड टीच्या इंजिनिअरांना ते पटत नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य दोन माणसांमध्ये एक अखंड लाइन जोडण्यात गेलेलं. आत्यासारखंच. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे त्याच कल्पनेवर पोचला. तुकड्याला 'पॅकेट' हे नाव त्याने दिलं. २९ ऑक्टोबर १९६९ ला लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरचा पहिला निरोप निघाला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. 'एल' आणि 'ओ' पोचले आणि समोरचं मशीन बंद पडलं. हे सांगितल्यावर आजोबांनी एवढंच विचारलं, "मग पुन्हा लावलं ना?" लावलं. तासाभराने शब्द पुरा झाला. पुढे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी जाळी एकमेकांशी कशी बोलतील याचे नियम मांडले, आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट त्या नियमांवर चालू लागलं.

इंटरनेट म्हणजे टेलिफोनची सुधारून वाढवलेली आवृत्ती, अशी आपली समजूत असते, कारण ते टेलिफोनच्या तारेतून घरात आलं. माझ्या मते ते तारेचं नातवंड आहे. उतरवून घ्या, मोजा, पोच द्या, पुढे पाठवा, ही सगळी तारघराची रीत.

आपल्याकडे तर हे नातं संस्थांच्या कागदोपत्रीही दिसतं. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं जहाज मुंबई ते एडन अशी समुद्राखालची तार टाकत गेलं. ते जहाज पाहायला किनाऱ्यावर जत्रा लोटली होती, असं आजोबांचे वरिष्ठ त्यांच्याही वरिष्ठांकडून ऐकलेलं सांगत. १९२७ मध्ये खडकी आणि दौंडच्या केंद्रांवरून इंग्लंडशी बिनतारी संदेश सुरू झाले. समुद्रातली तार आणि हवेतली लहर पुढे एकाच कंपनीत आल्या. १९४७ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आणि १९८६ मध्ये तिचं विदेश संचार निगम झालं. १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते याच निगमाने. त्याआधी १९८६ पासून अर्नेट या सरकारी प्रकल्पातून मोजक्या संस्था जोडल्या जात होत्या. जुहूच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेत श्रीनिवासन रमणी आणि त्यांचे सहकारी अमेरिकेशी ईमेलची देवाणघेवाण करत होते. आत्याच्या घरापासून ती इमारत रिक्षाच्या अंतरावर. मला तेव्हा पत्ताही नव्हता.

एका रात्री आजोबांनी जे सांगितलं, ते आत्यालाही माहीत नव्हतं.

१९५३ साल, रात्रपाळी. मुंबईच्या लाइनवर तार आली. तारमास्तराचा कान ऐकतो आणि हात लिहितो, मन वाचत नाही. वाचायला लागलं तर मागे पडायला होतं. आजोबांनी मजकूर लिहिला, शब्द मोजले, नऊ होते, नऊच हवे होते. किल्लीवर पोच दिली. कागद फाडून पाकिटात घालण्यासाठी वर पत्ता पाहिला, तर तो आमच्याच घराचा. आजोबांचे थोरले भाऊ मुंबईच्या हॉस्पिटलात वारले होते. आपल्या भावाच्या मरणाची पोच आजोबांनी स्वतःच्या हाताने दिली होती, आणि ती देताना त्यांना ते ठाऊक नव्हतं.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"पुढची तार घेतली. लाइनवर थांबली होती. मग साहेबांना सांगून घरी गेलो."

इंटरनेटच्या वाटेवरची मशीनंही अशीच असावीत, असं ते बांधणाऱ्यांना वाटत होतं. पत्ता बघायचा, आतलं बघायचं नाही. आजोबांना तर आतलं सगळं लिहावंच लागायचं. गावातली कर्जं, बदल्या, बाळंतपणं, मृत्यू त्यांच्या हातून गेले, आणि भुसावळच्या एका माणसालाही त्यांच्या तोंडून कुणाची बातमी कळली नाही. आज निरोप वाहणारे निरोप वाचतात, त्यातून माणूस ओळखतात आणि ती ओळख विकतात. याला धंदा म्हणतात. आजोबांनी याला काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे, आणि मी त्यांच्या बाजूची आहे.

आजोबा २००२ मध्ये गेले. देशातली तारसेवा बंद झाली ती जुलै २०१३ मध्ये. १४ जुलैला, शेवटच्या दिवशी, मी पुण्याच्या तारघरात रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे कॉलेजची मुलं, मागे काठी टेकलेले एक पेन्शनर. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म घेतला आणि पेनाच्या टोकाने एकेक शब्द टिपत मोजला. मी ती तार पार्ल्याला आत्याला केली.

दोन दिवसांनी आत्याचा फोन आला. आवाज थकलेला, पण ऑपरेटरचा ठसका तसाच.

"तार मिळाली. तू किती शब्द घातले होतेस?"

"चौदा."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. ती मोजत होती. मी लाइन धरून थांबले.

"चौदा," ती म्हणाली. "जुळले."