झाडाच्या खड्ड्याची कुळकथा

झाड लावण्याआधी जमीन कशी तयार करावी, याची एक जुनी नोंद वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात, म्हणजे सहाव्या शतकात मिळते. मऊ जमीन सगळ्याच झाडांना मानवते. म्हणून आधी तीत तीळ पेरावा आणि फुलावर आला की तिथेच चुरगाळून टाकावा, असे तो सांगतो. हे सरळसरळ हिरवळीचे खत झाले. ताग, धैंचाही आज फुलोऱ्याच्या सुमारास गाडतात, कारण पुढे ताटे राठ होतात आणि लवकर कुजत नाहीत.

त्याच अध्यायात खड्ड्याचीही कृती आहे. हातभर रुंद, दोन हात खोल खड्डा पाण्याने भरायचा, वाळला की आत जाळ करायचा, मध, तूप आणि राखेने लिंपायचा. मग उडीद, तीळ, जवाचे पीठ मातीसोबत भरून, मासळी-मांसाचे पाणी घालून तो घट्ट कुटायचा. एवढी उस्तवार मात्र मांडवावर झरझर चढून पाहणाऱ्याला थक्क करणाऱ्या वेलीसाठी आहे. सगळ्या झाडांसाठी सांगितला तो तीळच.

पुढे भाव चढला तो खड्ड्याला. इ.स. 1000च्या आसपासच्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त त्या मासळी-मांसाच्या पाण्याच्याच जातीचे, मांस, मज्जा वगैरे शिजवून-आंबवून केलेले कुणपजल हे द्रवखत आहे. आज महाराष्ट्रात फळबागेसाठी उन्हाळ्यात मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डे घेतात, ते तापू देतात आणि पालापाचोळा, पोयटा, शेणखत, सुपर फॉस्फेट घालून पावसाआधी भरतात. मुरमाड माळावर हे रास्तच आहे, कारण तिथे मुळाला शिरायला माती अशी नसतेच. तीच रीत सरसकट रस्त्याकडेच्या आणि बागेतल्या झाडांनाही लागू झाली.

अमेरिकेतही रोपवाटिकावाले भरावात पीट, साल किंवा वाळू मिसळायला सांगत. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठात कार्ल व्हिटकॉम्ब यांनी 1970च्या दशकात याची कसोटी घेतली. अशा भरावातली झाडे नुसत्या मूळ मातीतल्या झाडांपेक्षा सरस ठरली नाहीत. कारण मातीच्या भौतिकीत आहे. भुसभुशीत भराव आणि बाहेरची चिकण माती यांच्या सीमेवर पाण्याची चाल बदलते. पावसात खड्ड्याचा हौद होतो आणि मुळे गुदमरतात. उन्हाळ्यात भराव आधी कोरडा पडतो. काळ्या ओल्या मातीत पहार किंवा यंत्राचा गिरमिट चालवला की खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि कोवळी मुळे आतल्या आत वळसे घेतात. म्हणून त्या भिंती खरवडायच्या असतात. खड्डाही खोल नको, रुंद हवा, कारण झाडाची बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरात असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडे पसरतात. कंपोस्ट घालायचेच तर त्या सगळ्या पसाऱ्यात मिसळावे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे.

शहरात मात्र तो पसारा फरसबंदीखाली असतो, आणि फरसबंदीसाठी जमीन धुम्मस करून घट्ट करावी लागते. अ‍ॅमस्टरडॅमने 1970च्या दशकात त्यावर ‘वृक्षवाळू’ काढली: मध्यम जाड वाळू, त्यात वजनाने 4-5 टक्के सेंद्रिय द्रव्य आणि 2-4 टक्के चिकण. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात नीना बॅसक आणि जेसन ग्राबोस्की यांनी 1990च्या दशकात खडीचा मार्ग धरला. वजनाने साधारण चार भाग खडी, एक भाग माती आणि माती खडीला धरून ठेवणारा जेल. भार खडीवर येतो, मुळे मधल्या पोकळीतून जातात. स्टॉकहोममध्ये ब्योर्न एम्ब्रेन यांनी मोठे दगड अंथरून फटींत माती पाण्याने धुऊन उतरवली. पुढे तिथे बागेच्या कचऱ्यापासून केलेला जैवकोळसाही वापरात आला.

खडीची अडचण अशी की बहुतेक जागा तीच खाते. नॉर्थ कॅरोलिनातील थॉमस स्माइली आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, आधारांवर तोललेल्या फरसबंदीखाली न धुम्मसलेल्या मातीतली झाडे खडीमिश्रणातल्या झाडांपेक्षा जोमाने वाढली. भारतात तूर्त भांडण त्याहून आधीच्या पायरीवर आहे: 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला दिल्लीतल्या झाडांभोवतीचे मीटरभर काँक्रीट फोडायचा आदेश द्यावा लागला.