गरिबी ओसरते, जात ओसरत नाही : श्याम, बखा आणि जब्या

मराठी वाचकाला गरीब पोराची गोष्ट फार आवडते. फाटका सदरा, सोशीक आई आणि शेवटी शिक्षणाने उद्धार! अशी गोष्ट वाचून डोळे पुसणारा समाज गावकुसाबाहेरच्या पोराकडे मात्र कोरड्या डोळ्यांनी पाहतो. असे का? कारण गरिबी आणि जात एकाच पोत्यात भरून वाचायची सवय आपल्याला लावली गेली. ही सवय मोडली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

१९३५ साली दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एक साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, दुसरे मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही इंग्रजी कादंबरी.

श्यामचे घर कोकणातले, एकेकाळच्या खोताचे, पुढे कर्जात बुडालेले. सावकाराचा माणूस दारात येऊन अपमान करतो, हे दुःख खरेच आहे. पण श्यामला शाळेचे दार बंद नाही. गरिबीतही त्याची जात त्याच्या पाठीशी उभी आहे. याच पुस्तकात मोळी डोक्यावर घेऊ न शकणारी एक म्हातारी महारीण येते. आई श्यामला मदतीला पाठवते आणि परत आल्यावर आंघोळ करायला सांगते. आईची करुणा आम्ही नाकारत नाही. पण ती आंघोळ कशासाठी? त्या म्हातारीच्या घरातले पोर या प्रसंगाकडे कसे पाहील, हा प्रश्न कोणत्या शाळेत विचारला गेला?

आता बखा पाहा. वय १८, सफाई कामगाराचा मुलगा. आनंद यांनी त्याचा एकच दिवस रंगवला आहे. बाजारात चुकून एका सवर्णाला धक्का लागतो आणि त्याच्या कानशिलात बसते. देवळातला पुजारी त्याच्या बहिणीशी लगट करू पाहतो आणि तिने विरोध करताच विटाळाची बोंब ठोकतो. बखाला शिकायचे आहे. पण त्याला शाळेचे दार बंद, म्हणून तो बाबूच्या पोराला पैसे देऊन अक्षरे शिकायचे ठरवतो. गरिबी असती तर फी माफ झाली असती. विटाळाला माफी नव्हती. हाच तो फरक.

कादंबरीच्या शेवटी बखासमोर तीन वाटा येतात : मिशनरी, गांधीजी आणि मैला वाहून नेणारे यंत्र. चौथी वाट तोवर देशाने पाहिली होती. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता, १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा लढा सुरू झाला होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. पण बखाला दाखवलेल्या वाटांत ही वाट नाही. लेखकाची सहानुभूती प्रामाणिक होती, तरी त्याच्या नायकाला उद्धारकाची वाट पाहावी लागली.

पुढे १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. ज्यांच्याविषयी लिहिले जात होते, तेच लिहू लागले आणि नायकाची मान वर झाली.

या परंपरेतला जब्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटात भेटतो. तो कैकाडी समाजातला, शाळेत जाणारा. म्हणजे बखाला बंद असलेले दार त्याला उघडे आहे. मग जात संपली का? गावाच्या हुकमावरून बापासोबत डुक्कर पकडताना वर्गातली मुले हसतात, शालू पाहत असते. मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते, त्या भिंतीवर फुले, सावित्रीमाई, शाहू, बाबासाहेब आहेत. भिंतीवर महापुरुष रंगवणारे गाव त्यांचा विचार मात्र भिंतीआड ठेवते. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो थेट प्रेक्षकाकडे येतो.

श्याम रडवतो, बखा हळहळायला लावतो, जब्या जाब विचारतो. तरुण मित्रहो, यापुढे गरीब पोराची कोणतीही गोष्ट वाचताना तीन प्रश्न विचारा : हा गरीब कोणत्या जातीचा? त्याला शाळेत कुठे बसवले जाते? आणि त्याची सुटका दुसऱ्याच्या दयेने होते की स्वतःच्या संघर्षाने? उत्तर सापडले नाही, तर ती गोष्ट आपणच लिहायची आहे.

जय भीम!